अंगातलं अस्तर

गेल्या महिन्यात एक दिवस आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या आणि आठवीचा मोकळा तास माझ्याकडे आला. माझा विषय मराठी. अशा तासाला मुलांना शुद्धलेखन घालावं आणि आपण वह्या तपासत बसावं, हा नेहमीचा रिवाज. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीचा गुडघा फुटला होता. जखमेवर खपली धरू लागली होती आणि तिची शेजारीण ती खपली निरखीत बसली होती. तिनं एकदम विचारलं, "बाई, रक्त बाहेर आलं की पाच-दहा मिनिटांत गोठतं. मग आत असताना का नाही गोठत?"

"उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात माझ्या ताईचा फोन आला. वय एक्केचाळीस. डोकं दुखतं म्हणून सहज डॉक्टरांकडे गेली, तर रक्तदाब १७०-११०! ताई म्हणाली, "अगं, मला तर काही होतच नव्हतं. आणि डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न काय विचारला असेल? तुमच्या बाळंतपणात ब्लडप्रेशर वाढलं होतं का? आता मोठा मुलगा कॉलेजात जायला निघालाय आणि हे बाळंतपणाचं विचारताहेत!"

वाढलं होतं. मला चांगलं आठवतं. आठव्या महिन्यात ताईचे पाय, हात, चेहरासुद्धा सुजला होता. बांगड्या निघेनात, तेव्हा साबण लावून काढल्या होत्या. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग घाईघाईनं बाळंतपण उरकलं. मूल लहानखुरं पण धडधाकट झालं, महिन्याभरात ताईचा रक्तदाबही उतरला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुटलो एकदाचे, असंच आम्हांला वाटलं.

शाळेतल्या मुलीचा प्रश्न आणि ताईच्या डॉक्टरांचा प्रश्न, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडेल असं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आमच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं, त्यांच्याकडून पुस्तकं आणली, न समजलेलं पुन्हा जाऊन विचारलं. त्यातून जे कळलं ते मैत्रिणींना सांगावंसं वाटलं.

एका पदराचं अस्तर

आपल्याला शिवणकामातलं अस्तर ठाऊक असतं. ब्लाउजचं कापड कितीही भारी असो, आतून अस्तर नीट नसलं की ते टोचतं, चुरगळतं, लवकर विरतं. आपल्या रक्तवाहिन्यांनाही आतून असंच अस्तर असतं. मोठ्या रोहिणीपासून बारीकशा नीलेपर्यंत सगळ्या वाहिन्यांना, शिवाय हृदयाच्या आतल्या बाजूलाही. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. चपट्या पेशी एकमेकींना खेटून, फरशीसारख्या बसवलेल्या. अगदी बारीक केशवाहिन्या म्हणजे तर जवळजवळ नुसतं अस्तरच.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं रक्त शरीरात फिरत असतं हे १६२८ साली दाखवून दिलं. पण त्यानंतर तीनशे वर्षं लोटली तरी हे अस्तर म्हणजे पाइपाच्या आतला गुळगुळीत मुलामा, याहून जास्त महत्त्व त्याला फारसं कोणी दिलं नाही. आज कळतं की ते मुळीच गप्प बसलेलं नाही. रक्तानं आत गोठू नये म्हणून त्याच्या पेशी दिवसरात्र निरनिराळी द्रव्यं तयार करत असतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर साखरेच्या आणि प्रथिनांच्या धाग्यांची एक मऊ लव असते. तिच्यामुळे रक्तातल्या पेशी अस्तराला सहसा थेट भिडत नाहीत. बाहेर, फुटलेल्या गुडघ्यावर हे अस्तर नसतं, म्हणून तिथं रक्त गोठतं. आठवीतल्या मुलीला तिचं उत्तर मिळालं!

दाह हवा, पण बेतानं

आता दाह म्हणजे काय ते पाहू. बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. ती अजून तशीच शिकवतात.

या सगळ्या गडबडीत अस्तराच्या पेशी घरच्या सुनेसारख्या सर्वांत पुढे असतात. जंतू शिरल्याचा निरोप आला की त्या आपापसांतले सांधे जरा सैल करतात. त्यातून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज येते. मग त्या आपल्या अंगावर चिकट प्रथिनं उगवतात. रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळतात, गडगडत जातात, थांबतात आणि शेवटी सांध्यातून पलीकडे शिरून जंतूंवर तुटून पडतात. जर्मनीत यूलियस कोनहाइम यांनी १८६७ साली बेडकाच्या अंगातल्या पारदर्शक पडद्यांवर सूक्ष्मदर्शक धरून पांढऱ्या पेशी अशा वाहिनीबाहेर पडताना पाहिल्या होत्या.

हे झालंच पाहिजे. नाहीतर साध्या काट्यानंही माणूस दगावेल. पण लग्नाचा मांडव जसा कार्य आटोपल्यावर उतरवावा लागतो, तसा हा दाहही वेळेवर आवरावा लागतो. तो आवरला नाही तर ज्या अस्तरानं पाहुण्यांना दार उघडलं, त्याचंच पहिलं नुकसान होतं. चिकटलेल्या पांढऱ्या पेशी तिथंच ठाण मांडतात, चरबी आत झिरपत राहते, वर्षानुवर्षं थर साचतो, आणि एक दिवस तो फुटून त्यावर गुठळी होते. हृदयविकाराचे बहुतेक झटके आणि पक्षाघाताचे पुष्कळसे झटके असे येतात. म्हणून प्रश्न असा की हे नाजूक अस्तर स्वतःला सांभाळतं कसं?

सशाच्या रोहिणीची गोष्ट

याचं पहिलं मोठं उत्तर एका चुकीतून मिळालं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या रोहिणीच्या पट्ट्या कापून त्यांवर औषधांचे प्रयोग करत असत. अॅसिटिलकोलिन हे द्रव्य घातलं की शरीरात रक्तवाहिन्या सैल पडतात, पण त्यांच्या पट्ट्या मात्र उलट आकसायच्या. असं का, ते कित्येक वर्षं उलगडत नव्हतं. १९७८ साली त्यांच्या मदतनिसाकडून प्रयोगाच्या पायऱ्यांचा क्रम चुकला आणि कधी नव्हे ती रोहिणी सैल पडली! फर्चगॉट यांनी तेव्हा साठी ओलांडली होती. मदतनिसाला रागावून मोकळे न होता ते खोलात शिरले. तेव्हा लक्षात आलं की पट्ट्या तयार करताना त्यांची आतली बाजू नकळत घासली जात होती आणि अस्तर निघून जात होतं. या वेळी ते शाबूत राहिलं होतं.

खात्री करायला त्यांनी काय केलं, तर अस्तर काढलेली एक पट्टी आणि अस्तर असलेली दुसरी पट्टी अशा आतल्या बाजू समोरासमोर लावल्या, सँडविचसारख्या. बिनअस्तराची पट्टीही सैल पडली! म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून शेजारणीपर्यंत पोचत होतं. १९८० साली त्यांनी आणि जॉन झवाडझ्की यांनी हे प्रसिद्ध केलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू आहे, हे १९८६-८७ च्या सुमारास स्पष्ट झालं. जन्मल्यावर तो जेमतेम काही सेकंद टिकतो. पण तेवढ्यात वाहिनी सैल करतो, रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू देत नाही आणि अस्तरावर चिकट प्रथिनं उगवण्याची जी आज्ञा पेशीच्या पोटात निघते तीही दाबून ठेवतो.

१९९८ चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरीद मुराद यांना या कामासाठी मिळालं. यातली गंमत अशी की खुद्द आल्फ्रेड नोबेलनं नायट्रोग्लिसरीनपासून सुरुंगाची दारू बनवून पैसा केला, आणि म्हातारपणी छातीत दुखू लागल्यावर डॉक्टरांनी त्याला तेच नायट्रोग्लिसरीन औषध म्हणून घ्यायला सांगितलं होतं. त्याच जातीची गोळी आजही कित्येक घरांत आजोबांच्या खिशात असते, जिभेखाली ठेवायची. त्यातून शरीरात निघतो तो हाच वायू.

नाळेनं शिकवलं

पुढची गोष्ट वाचून मला भरून आलं. या पेशी शरीराबाहेर वाढवल्याशिवाय त्यांचा अभ्यास होणार कसा? आणि जिवंत माणसाचं अस्तर कोण खरवडून देणार? १९७३ साली अमेरिकेत एरिक जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेकडे हात वळवला. नाळेतल्या नीलेच्या आतून त्यांनी अस्तराच्या पेशी सोडवून काढल्या आणि काचेच्या बशीत वाढवल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत नाळेच्या पेशींवर काम चालतं. 'इथं माझी नाळ पुरली आहे' असं आपण अभिमानानं म्हणतो. कुठल्या कुठल्या अनोळखी बायकांच्या नाळेनं सगळ्या जगाला शहाणं केलं आहे!

या नाळेतल्या पेशींवर दाहाचा निरोप आणणारं द्रव्य घातल्यावर काय होतं ते १९९० साली अँथनी ओपिपारी, मार्क बोगुस्की आणि विश्व दीक्षित यांनी पाहिलं. त्यात त्यांना एक नवं प्रथिन सापडलं. नाव अगदी रुक्ष, ए-ट्वेंटी. पण त्याचं काम ऐका. दाहाची आज्ञा सुटली की त्या आज्ञेबरोबरच हे प्रथिनही तयार होतं आणि थोड्या वेळानं ते त्याच आज्ञेला लगाम घालतं. म्हणजे गॅस पेटवतानाच आपण शेगडी बंद करायची आठवण पदराला गाठ मारून ठेवावी, तसं. ज्या उंदरांत हे प्रथिन मुळातच नव्हतं, ती पिल्लं अंगभर दाह होऊन लहानपणीच मेली. लगाम किती गरजेचा, ते यावरून कळतं.

दुसरं एक रक्षण तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मुका मार लागला की जागा आधी काळीनिळी होते, मग हिरवट आणि मग पिवळट पडत पडत नाहीशी होते. रक्ताचा जो लाल रंग आहे त्यातला 'हीम' हा भाग मोकळा सुटला की तो पेशींना जाळतो. हीम ऑक्सिजनेज नावाचं एक विकर त्याचे तुकडे करतं. त्यातून आधी हिरवं द्रव्य होतं आणि मग पिवळं. ते पिवळं द्रव्य, म्हणजे काविळीत वाढतं तेच, थोड्या प्रमाणात असलं तर पेशींचं रक्षण करतं! अस्तराच्या पेशीही संकटात हेच विकर भराभर तयार करतात. १९९९ साली जपानी डॉक्टरांनी सहा वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरात हे विकर जन्मतःच बनत नव्हतं. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची फार हानी झालेली होती.

वाहतं पाणी निर्मळ

आणि तिसरं रक्षण म्हणजे वाहतं रक्त. माझ्या आजीच्या तोंडी असायचं, वाहतं पाणी खराब होत नाही. रक्तवाहिनी जिथं सरळ असते आणि रक्त एका दिशेनं संथ, सारखं वाहतं, तिथं अस्तराच्या पेशी प्रवाहाच्या दिशेनं लांबट होऊन ओळीनं बसतात. त्या नुसत्या घासल्या जाण्यानंच जाग्या राहतात. त्यांच्या पोटातलं के-एल-एफ-टू नावाचं एक प्रथिन वाढतं. ते नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, गुठळ्या होऊ न देणारी द्रव्यं वाढवतं आणि चिकट प्रथिनं कमी करतं. हे २००० नंतरच्या काही वर्षांत उलगडलं.

जिथं वाहिनीला फाटा फुटतो किंवा वळण असतं, जसं मानेत मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचे दोन फाटे होतात तिथं, रक्त भोवऱ्यासारखं मागेपुढे होतं. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या बसतात आणि त्यांचं हे संरक्षण कमी पडतं. चरबीचे थर नेमके अशाच जागी आधी साचतात. मोरीच्या पाइपात घाण कोपऱ्यावरच अडकते, हे आपल्याला काय सांगायला हवं?

ताईच्या बाळंतपणात काय झालं होतं?

आता येते मूळ गोष्टीकडे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०-९० किंवा त्याहून वर जाणं आणि त्याबरोबर लघवीत प्रथिन जाणं किंवा शरीरावर इतर परिणाम दिसणं, याला डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. पूर्वी आपण त्याला नुसती 'सूज आली' म्हणायचो. हा आजार मुळात अस्तराचाच आहे. भारतात वैद्यक शिकून बोस्टनला गेलेले अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की अशा बायकांच्या वारेतून एक प्रथिन प्रमाणाबाहेर रक्तात येतं. अस्तराच्या पेशींना धडधाकट राहायला जे पोषक द्रव्य लागतं, तेच हे प्रथिन वाटेत टिपून घेतं. अस्तर उपाशी पडतं. मग वाहिन्या आकसतात, पाणी झिरपतं, मूत्रपिंडातून प्रथिन गळतं. डोकं दुखतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच.

वार पडली की ते प्रथिन ओसरतं आणि बाई बरी होते. आपण इथं गोष्ट संपवतो. पण ती संपत नाही. २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीस लाखांहून अधिक बायकांच्या नोंदी एकत्र करून काढलेले निष्कर्ष आले. ज्यांना बाळंतपणात हा त्रास झाला होता, त्यांना पुढे कायमचा रक्तदाब जडण्याचा धोका इतर बायकांच्या तिपटीहून जास्त, आणि हृदयविकाराचा व पक्षाघाताचा सुमारे दुप्पट. गरोदरपण ही एक प्रकारे अस्तराची परीक्षाच असते. त्यात ज्याचे गुण कमी पडले, त्याच्याकडे पुढे जन्मभर लक्ष ठेवायचं असतं.

ताईकडे कोणी लक्ष ठेवलं नाही. बाळाची प्रत्येक लस वेळेवर दिली गेली, पण आईचा रक्तदाब चौदा-पंधरा वर्षांत एकदाही मोजला गेला नाही. यात डॉक्टरांना तरी काय बोल लावायचा? आम्ही घरची माणसंच विसरलो, आणि ताई तर स्वतःला विसरायला पहिली!

आपल्या हाती काय?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या आणि मला पटलेल्या काही गोष्टी इथं देते.

बाळंतपणात रक्तदाब वाढला असेल, तर तो पुढे वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा. काही होत नसलं तरीही. वाढलेला रक्तदाब बहुधा काही बोलत नाही. साखरही तपासावी, कारण सतत वाढलेली साखर अस्तराला फार बाधते. आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी बाळंतपणातला त्रास आपण होऊन सांगावा.

घरात कोणी गरोदर असेल आणि तिचा चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं सारखं दुखलं, नजर अंधूक झाली किंवा बरगडीखाली दुखू लागलं, तर 'गरोदरपणात असं होतंच' म्हणून बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांना आधीच्या खेपेला हा त्रास झाला आहे, त्यांना पुढच्या खेपेला तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डॉक्टर अॅस्पिरिनची लहान मात्रा देतात. ती मात्र त्यांच्या सल्ल्यानंच घ्यावी, शेजारणीच्या नव्हे.

रोज चालावं. चालताना रक्त जोमानं वाहतं आणि अस्तर जागं राहतं, हे वर पाहिलंच. घरकामात दिवसभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, हे मला आधी पटत नव्हतं. आता अर्धा तास बाहेर पडते.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. पालक, मुळा, बीट पानात असू द्यावं. या भाज्यांतल्या नायट्रेटवर आपल्या जिभेवरचे जंतू काम करतात आणि त्यापासून शरीरात थोडा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो.

तंबाखू कोणत्याही रूपात नको, विडी-सिगारेट नको आणि बायकांची मशेरीही नको. घरात दुसऱ्यानं ओढलेल्या सिगारेटच्या धुरानंही अस्तराचं काम बिघडतं, हे १९९६ साली तरुण, निरोगी माणसांवर सिद्ध झालं आहे. तेव्हा घरधन्याला गॅलरीत नव्हे, अंगणाबाहेर पाठवा. सोडली तर उत्तमच!

ताई आता गोळी घेते आहे. परवाचा रक्तदाब १३०-८४ होता. तिनं कपाटातून बाळंतपणाची जुनी फाइल शोधून काढली आणि तिची प्रत डॉक्टरांना नेऊन दिली. मग तिलाच आठवलं की आमच्या मामेबहिणीलाही दुसऱ्या खेपेला अशीच सूज आली होती. लगेच तिला फोन केला. तिनंही सात वर्षांत रक्तदाब मोजलेला नव्हता.

आठवीच्या वर्गात मी उत्तर सांगितलं तेव्हा प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आपल्याला आतूनही अस्तर असतं? मग ते फाटलं तर?" मी म्हटलं, "घरी गेलीस की आईला विचार, तुझ्या वेळी तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं का. आणि हो म्हणाली तर तिला मोजून घ्यायला लाव." तुमच्याही कपाटात अशी एखादी फाइल असेल. आज दुपारी काढून बघा.